‘रादर’चं तिसरं कार्ड

तात्यांना चहा हवा की कॉफी, एवढं विचारण्यात माझ्या नोकरीची पहिली तीन वर्षं गेली. प्रश्न विचारला की आधी त्यांचा चष्मा कपाळावर जायचा. मग ते खिडकीबाहेर बघायचे, जणू उत्तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलंय. आणि मग म्हणायचे, "काहीही चालेल." आपण नेट धरून म्हणायचं, काहीही चालतं हे ठाऊक आहे, पण त्यातल्या त्यात? "त्यातल्या त्यात..." असं म्हणून तात्या तिथेच थांबायचे. थोड्या वेळाने विचारायचे, "तुम्ही काय घेताय?"

त्यांचं नावही तिथूनच आलं. कचेरीतल्या कुणीतरी त्यांना ‘त्यातल्यात्यात’ म्हणायला सुरुवात केली. एवढं लांब नाव हाकेला परवडेना, म्हणून त्याचं तात्या झालं. नव्या माणसाला वाटायचं, वडीलधारे आहेत म्हणून आदराने म्हणतात. आम्ही तो गैरसमज कधी मोडला नाही. तात्यांना ते नाव आवडतं का, हे विचारण्यात तर अर्थच नव्हता.

आमची कचेरी शब्दकोशाची. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. जागा तिसऱ्या मजल्यावर, आणि बरोबर खाली चष्म्याचं दुकान, म्हणजे आमची नजर गेली की जिना उतरण्याचाच काय तो त्रास. भिंतींना लाकडी कप्पे, कप्प्यांत खोकी, खोक्यांत कार्डं. एका कार्डावर एका शब्दाचा एक अर्थ आणि त्याचं एक उदाहरण. प्रत्येकाला एकेक अक्षर वाटून दिलेलं. आमच्यातल्या एकाला ‘क्यू’ मिळाला, त्याने तो चार दिवसांत संपवला आणि कर्तबगार म्हणून नाव कमावलं. मला ‘एस’ मिळाला. ‘एस’ म्हणजे काय, ते कोश उघडून जाडी बघितली की कळेल. सात वर्षं झाली, मी अजून त्यातच आहे.

तात्यांकडे बावीस वर्षांत ‘ए’, ‘डी’ आणि ‘एल’ होऊन गेले होते, आणि आता ‘आर’ चालू होता. माणूस कामाला चोख. फक्त एक खोड होती. उदाहरण म्हणून ते खोटं वाक्य लिहीत नसत. आम्ही बाकीचे बिनदिक्कत लिहायचो, की राजाने सिंह मारला, मुलीने बागेत फूल तोडलं. आमच्यापैकी कुणाच्या ओळखीत राजा नव्हता. तात्या मात्र जे आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर घडलंय तेच लिहायचे. ‘डिसअपॉइंट’ला त्यांचं उदाहरण होतं, ‘माझ्या सासऱ्यांची माझ्याकडून निराशा झाली.’ ‘लेझी’ला होतं, ‘मी आळशी नाही, पण मला उठवावं लागतं.’ कोश घेणाऱ्या शाळकरी पोरांना पत्ता नव्हता, पण ‘ए’, ‘डी’ आणि ‘एल’ नीट वाचले तर एका माणसाचा अख्खा संसार त्यात सापडला असता.

या संसाराची दुसरी बाजू कार्डांच्या पाठीवर होती, आणि ते आमच्या संपादकबाईंमुळे. फार पूर्वी कोशाच्या पहिल्या आवृत्तीत कुणा विद्वानाने साध्या शिडीला ‘आरोहणसाधन’ म्हटलं होतं. त्यावर एका मास्तरांचं पत्र आलं: ‘आपल्या कोशातले मराठी शब्द समजण्यासाठी एखादा कोश सुचवाल का?’ बाईंनी ते पत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावलं आणि नियम काढला. प्रत्येक कार्ड छापायला जाण्याआधी घरच्या वाचकाने वाचायचं. घरचा वाचक म्हणजे कचेरीशी ज्याचा संबंध नाही आणि ज्याला आपल्या विद्वत्तेचं काडीचं कौतुक नाही असं घरातलं माणूस. त्याने कार्डामागे ‘समजलं’ लिहायचं नाहीतर ‘समजलं नाही’. ‘समजलं नाही’ आलं, तर कार्ड करणाऱ्याने स्वतः त्या माणसासमोर जायचं आणि तोंडाने समजावून सांगायचं. चिठ्ठी, फोन, निरोप चालणार नाही. आणि अक्षर संपेपर्यंत वाचक बदलायचा नाही, कारण बाईंच्या मते नवा कान म्हणजे नवी डोकेदुखी.

माझा घरचा वाचक म्हणजे माझा भाऊ. तो टीव्हीवरची नजर न काढता चाळीस कार्डांवर ‘समजलं’ लिहितो. एकदा मी त्याला मुद्दाम कोरी कार्डं दिली, तीही त्याला समजली.

तात्यांची वाचक म्हणजे त्यांची बायको. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. वहिनी पडदे शिवतात. इंग्रजीशी त्यांचा संबंध मोजमापाच्या पट्टीपुरता होता, पण बावीस वर्षं रोज संध्याकाळी नवऱ्याने आणलेली कार्डं वाचून त्या ‘ए’, ‘डी’ आणि ‘एल’मध्ये पारंगत झाल्या होत्या. बी-सीचं मात्र नाव नको. त्यांचे शेरे मी चोरून वाचायची. सासऱ्यांच्या निराशेमागे त्यांनी लिहिलं होतं, ‘समजलं. आधीपासूनच माहीत होतं.’ ‘लेडल’ला तात्यांनी ‘द्रव पदार्थ वाढण्याचे लांब दांड्याचे उपकरण’ असं लिहिलं, तेव्हा मागे आलं, ‘समजलं नाही. पळी म्हणायचंय का?’ त्या दिवशी तात्या नियमाप्रमाणे घरी गेले, पळी बघून आले आणि पळी लिहिलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ‘रादर’ आला.

शब्द दिसायला गरीब. आपल्याकडेही आता लोक बोलताना मध्येच ‘रादर’ टाकतात, म्हणजे आधी जे बोललो ते तितकंसं खरं नव्हतं असं आब राखून सांगता येतं. पण इंग्रजीत हा शब्द म्हणजे पक्का सज्जन भामटा आहे. चहा ‘रादर’ गार आहे, म्हणजे तो गार आहे, प्यायच्या लायकीचा नाही, पण मी चांगल्या घरातला आहे म्हणून कप भिरकावत नाही. तुमची मुलगी ‘रादर’ छान गाते, म्हणजे छान गाते, आणि तुमच्याकडे बघून तशी अपेक्षा नव्हती. मोजायला गेलं तर ‘थोडं’पेक्षा जास्त आणि ‘फार’पेक्षा कमी, पण ज्याला ‘फार’ म्हणायची लाज वाटते तो माणूसही हाच शब्द वापरतो. आपल्या ‘जरा’ची हीच तऱ्हा. ‘जरा जास्तच बोललात तुम्ही’ यातला ‘जरा’ ज्याला कळला, त्याला ‘रादर’ कळला.

हे पहिलं कार्ड तात्यांनी दोन दिवसांत केलं. अर्थ लिहिले: जरा, बराच, काहीसा. उदाहरण लिहिलं, ‘आज भाजी बरीच खारट झाली.’ मागे शेरा आला, ‘समजलं. जेवताना का नाही बोललात?’ दुसरं कार्ड, आधीचं वाक्य दुरुस्त करण्याचं: किंबहुना, खरं म्हणजे. उदाहरण, ‘मी काल उशिरा, किंबहुना आज पहाटे झोपलो.’ समजलं.

तिसरं कार्ड पसंतीचं. दोन गोष्टी समोर असताना त्यातली एक अधिक हवी असणं. चहापेक्षा मला कॉफी बरी. जाण्यापेक्षा मी राहीन. इंग्रज माणूस ‘आय वुड रादर’ म्हणतो आणि आपल्याला काय हवं ते सांगून मोकळा होतो. नको असेल तर ‘आय वुड रादर नॉट’, की संपलं, त्यावर कुणी आग्रह करत नाही. वर्गातल्या कुठल्याही पोराला पाच मिनिटांत उदाहरण सुचेल.

तात्यांना चोवीस दिवस सुचलं नाही.

मी समोरच बसते, त्यामुळे हा सोहळा मला रोज बघायला मिळायचा. ते लिहायचे, ‘मला चहापेक्षा कॉफी आवडते.’ मग बघत बसायचे. मग खोडायचे, कारण ते खरं आहे का, हेच त्यांना माहीत नव्हतं. ‘मला बसपेक्षा चालणं आवडतं.’ खोडलं. ‘निळ्यापेक्षा पांढरा शर्ट.’ खोडलं, शर्ट वहिनी आणायच्या. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने आपलं आयुष्य उलटंपालटं करून झाडलं, आणि त्यातून एक पसंती खाली पडेना. मी म्हटलं, "तात्या, लिहा की राजाला मरणापेक्षा शरण जाणं पसंत होतं." ते म्हणाले, "कुठल्या राजाला?"

बाई रोज अकराला यायच्या आणि विचारायच्या, "झालं का हो?" तात्या म्हणायचे, "होईल." एवढ्या ठामपणे तर ते कधीच काही बोलत नसत, म्हणून बाई परत जायच्या.

या चोवीस दिवसांतल्या शेवटच्या आठवड्यात माझ्या टेबलावर दुपारी ऊन येतं म्हणून खिडकीला पडदा मंजूर झाला, आणि माप घेऊन मी मंगळवारी वहिनींकडे गेले. बाहेरच्या खोलीत त्यांचं काम चालतं. कापायचं मोठं टेबल, त्यावर खडू आणि वजनं, दारामागे कापडाचे तागे, खिडकीशी मशीन. मशीनच्या इतक्या जवळ एक वेताची खुर्ची होती, की कापड ओढताना वहिनींचं कोपर तिला लागत होतं.

"ही यांची," वहिनी म्हणाल्या. "आत चांगला उजेड आहे, पंखा आहे. हजारदा सांगितलं, आत बसून वाचा. म्हणतात, मला कुठेही चालतं. आणि बसतात इथेच, माझ्या कोपराखाली."

मी पडद्याचं माप सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "शनिवारच्या आत शिवून देते. नंतरचं मला सांगता येत नाही."

मग सगळं बाहेर आलं. चार तासांवरच्या गावी त्यांची थोरली बहीण पडद्यांचा कारखाना चालवते. आठ मशिनं आहेत, दवाखान्यांची आणि हॉटेलांची कामं आहेत, पण कापायला भरवशाचं माणूस नाही. तिने बरोबर पंधरा दिवसांपूर्वी वहिनींना बोलावलं होतं. थोड्या दिवसांसाठी नव्हे, वर्ष-दोन वर्षं, जमलं तर कायमचं. शनिवारी तिला उत्तर द्यायचं होतं.

"यांना विचारलं, जाऊ का? म्हणाले, तू म्हणशील तसं." वहिनींनी खडू टेबलावर ठेवला. "एकतीस वर्षं मीच म्हणतेय. घर मी ठरवलं, पोरीची शाळा मी ठरवली, तिचं लग्नसुद्धा मीच बोलले. लोक म्हणतात, बाई खमकी आहे, नवऱ्याला तोंड उघडू देत नाही. अगं, मी तर कान देऊन बसलेय, हा माणूस कधी उघडतोय म्हणून."

"मग आता?"

"शनिवारपर्यंत एक शब्द बोलले, जा किंवा जाऊ नको, तर बघू. नाही बोलले तर जाईन, आणि परत येणार नाही. माझ्या असण्यानसण्याने ज्याला काही फरक पडत नाही, त्याच्याकडे परत यायचं ते कशाला?"

हे त्या चिडून म्हणाल्या असत्या तर मी मनावर घेतलं नसतं. त्या पडद्याच्या कड्या मोजता मोजता म्हणाल्या.

बुधवारी मी तात्यांच्या खणात खोडरबर शोधत होते. खरं सांगायचं तर खोडरबर माझ्याकडे दोन होते. खणात शाईच्या पॅडखाली एक कार्ड पालथं ठेवलेलं होतं. सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. ‘रादर, अर्थ तिसरा: दोहोंपैकी एक गोष्ट अधिक हवी असणे. उदाहरण: आय वुड रादर शी डिड नॉट गो. तिने जाऊ नये, असं मला वाटतं.’

तारीख सोळा दिवसांपूर्वीची होती. म्हणजे बहिणीचं बोलावणं आलं त्याच दिवशी या माणसाला उदाहरण सापडलं होतं, आणि पुढचे सोळा दिवस तो आमच्यासमोर चहा-कॉफी खोडत बसला होता.

तात्या हात पुसत आले तेव्हा कार्ड माझ्या हातात होतं. ते रागावले नाहीत. कशावर रागवायचं हेही त्यांनी ठरवलं नसणार. "ते अजून कच्चं आहे," म्हणाले.

"यात कच्चं काय आहे?"

"तिने वाचलं तर ती राहील."

"मग बरंच आहे की."

"मग तिचं जाणं राहील," तात्या म्हणाले. "माझ्यासाठी राहिली असं व्हायला नको. तिला हवं ते तिने करावं."

"आणि तिच्या जाण्याने तुम्हाला फरक पडतो, हे कधी सांगितलंत तिला?"

"एवढ्या वर्षांत न सांगताही कळतंच ना."

बावीस वर्षं शब्दांचे अर्थ लिहून पोट भरणारा माणूस मला सांगत होता, की न सांगता कळतं. मला राग आला, अगदी खराखुरा राग. न सांगता कळत असतं तर आम्ही पाचही जण आणि भिंतीवरची सगळी खोकी मिळून रद्दीच्या भावात गेलो असतो. मी कार्ड त्यांना परत दिलं. त्यांनी ते पुन्हा पॅडखाली सारलं, पालथं.

गुरुवारी संध्याकाळी तात्या नेहमीप्रमाणे कप धुवायला गेले. टेबलावर घरी न्यायचा गठ्ठा रबर लावून तयार होता. मी ते कार्ड काढलं आणि गठ्ठ्याच्या मधोमध सरकवलं. चोरी म्हणा, आगाऊपणा म्हणा. कोशात दोन्ही शब्द आहेत, आणि त्यातली चोरी, म्हणजे ‘स्टीलिंग’, माझ्याच अक्षरात येते.

शुक्रवारी सकाळी बाईंनी गठ्ठा घेतला. त्या आधी कार्डांच्या पाठी बघतात, कारण बाईंचा तोंडापेक्षा पाठीवर विश्वास. समजलं, समजलं, समजलं. मग त्यांचा हात थांबला.

"समजलं नाही," बाईंनी वाचलं. "चार वर्षांनी वहिनींना एक शब्द अडला. बघू." त्यांनी कार्ड उलटवलं, वाचलं, आणि तात्यांपुढे ठेवलं.

तात्यांनी कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ‘एस’मध्ये डोकं घातलं होतं. समोर ‘सॉरी’चं कार्ड होतं असं म्हटलं तर गोष्टीला शोभलं असतं, पण समोर ‘सॉक’ होतं, मोजा.

"हे छापायला द्यायचं नव्हतं," तात्या म्हणाले.

"वाचकाने वाचलंय," बाई म्हणाल्या. "जा, समजावून या."

"संध्याकाळी सांगतो ना घरी."

"नियमात संध्याकाळ नाही. वाक्यात मला तरी काही खोट दिसत नाही, पण मी घरची वाचक नाही."

साडेअकराच्या भर उजेडात, डब्याला हात न लावता, तात्या जिना उतरले. कार्ड त्यांनी खिशात ठेवलं नव्हतं, हातात धरलं होतं.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं, आणि बऱ्याच दिवसांनी, न विचारता, तात्यांनीही. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की तात्यांच्या सांगण्यात मशीन चालू होतं आणि वहिनींच्या सांगण्यात बंद.

तात्या दारात उभे राहिले आणि कोशाच्या भाषेत सुरू झाले. "दोन पर्यायांपैकी एका पर्यायाकडे बोलणाऱ्याचा कल—"

"समजलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे बोलणाऱ्याला एक गोष्ट दुसरीपेक्षा—"

"बोलणारा कोण?"

"मी."

"पुढे बोला."

तात्यांनी कार्डात बघितलं. वहिनींनी हात पुढे करून ते काढून घेतलं. "यात काय लिहिलंय ते मी वाचलंय. समजलं नाही म्हणून तर परत पाठवलं."

"तू जाऊ नयेस," तात्या म्हणाले, "असं मला वाटतं."

"जरा वाटतं, की बरंच वाटतं?"

पहिलं कार्डही त्यांनीच वाचलेलं होतं. तात्यांचा चष्मा कपाळावर गेला. पण या वेळी ते खिडकीकडे वळले नाहीत. "बरंच," म्हणाले.

"का?"

याला मात्र त्यांनी वेळ घेतला. वहिनी म्हणतात, तेवढ्यात एक पूर्ण पडदा शिवून झाला असता. मग ते म्हणाले, "मशीनचा आवाज नसला की मला वाचायला सुचत नाही."

वहिनींनी वेताच्या खुर्चीकडे बघितलं. खडू ठेवला, पेन शोधलं, आणि कार्डामागे आधीच्या शेऱ्याखाली लिहिलं, ‘समजलं.’ तारीख टाकली.

आता तुम्ही म्हणाल, मग वहिनी राहिल्या. मलाही तसंच वाटलं होतं, आणि शुक्रवारची उरलेली दुपार मी स्वतःची पाठ थोपटण्यात घालवली. शनिवारी त्यांनी बहिणीला कळवलं, येते. रविवारी त्या बसने गेल्या. बस सोडायला तात्या गेले होते, आणि सोमवारी ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की सात वर्षांत पहिल्यांदा मला त्यांना चहा-कॉफी विचारायचं धैर्य झालं नाही.

जायच्या आदल्या दिवशी वहिनींनी माझा पडदा आणून दिला होता. मी जिन्यातच त्यांना अडवलं. "वहिनी, ते बोलले ना? तरी निघालात?"

"बोलले म्हणूनच निघाले," वहिनी म्हणाल्या. "काम मला करायचंच होतं गं. आठ मशिनं आहेत, मोठं टेबल आहे, कापायला माझ्यासारखं कुणी नाही. पण ज्या घरातून गेलेलं कुणाला कळणारच नाही, तिथून निघताना पाय उचलत नव्हता. ते ‘जा’ म्हणाले असते, तर हट्टाने इथेच राहिले असते, मला कुणी घालवून दिलेलं चालत नाही. जाऊ नको म्हणाले, आता सुखाने जाते."

"आणि तात्या?"

"त्यांना आवाज नसला की सुचत नाही, हे त्यांनी एकतीस वर्षांनी सांगितलं. आता थोडं न सुचता राहू देत." एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर काही नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पडदा धुताना कड्या काढत जा. गंजतात."

इकडे बाईंपुढे प्रश्न आला. ‘आर’ अर्धा, आणि घरची वाचक घरी नाही. क्यूवाल्याने सुचवलं की तात्यांना दुसरा वाचक द्यावा, माझा भाऊ कसा. बाईंनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. अक्षर संपेपर्यंत वाचक बदलायचा नाही. कार्डं पोस्टाने जातील, पोस्टाने येतील.

पहिला गठ्ठा गेला आणि पाच दिवसांनी आला. वीस कार्डं. एकोणीस समजली होती. विसावं ‘रॅटिफाय’ होतं, आणि त्यामागे ‘समजलं नाही’. अवघड शब्द, होतं असं कधीकधी. शनिवारी अर्धी सुट्टी, तात्या चार तास बसने गेले, ‘रॅटिफाय’ म्हणजे पक्कं करणं असं समजावलं, आणि रविवारी रात्रीच्या बसने परत आले. सोमवारी त्यांच्या बाहीला पांढरा दोरा चिकटलेला होता.

दुसऱ्या गठ्ठ्यात ‘रेशिओ’ अडला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण कापडाच्या पन्ह्याला चुण्यांचं प्रमाण काढण्यात ज्या बाईचा जन्म गेला, तिला प्रमाण समजू नये? तात्या गेले. मग ‘रॉ’ अडला, म्हणजे कच्चा. मग ‘रेझर’. ‘रीच’ म्हणजे पोचणे, हे समजवायला तात्या पोचले. दर गठ्ठ्यात नेमकं एकच, आणि गठ्ठा नेमका शुक्रवारी हजर.

क्यूवाला हसायला लागला. बाई हसल्या नाहीत. त्या दर शुक्रवारी कार्ड उलटवायच्या, शेरा मोठ्याने वाचायच्या आणि म्हणायच्या, "नियम म्हणजे नियम. जा, समजावून या." या वेगाने ‘आर’ पुरा व्हायला तीन वर्षं लागतील असा हिशेब क्यूवाल्याने मांडला. बाई म्हणाल्या, कोशाला घाई नसते. चोवीस दिवस एका कार्डासाठी रोज अकराला येऊन ‘झालं का हो’ विचारणारी हीच बाई.

आणि तात्या? एका शुक्रवारी मी किटली घेऊन उठले आणि सवयीने, उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारलं, "चहा की कॉफी?"

"कॉफी," तात्या म्हणाले. "कडक. आणि लवकर द्या, उद्यापर्यंत थांबत नाही, आज मला चारचीच बस हवी. खिडकीची जागा त्याच बसला मिळते."

किटली माझ्या हातातून पडली नाही, कारण मी ती घट्ट धरली होती. कॉफी देताना मी त्यांच्या टेबलावर बघितलं. त्या आठवड्याचं अडलेलं कार्ड तिथेच होतं, बाईंनी नुकतंच वाचून ठेवलेलं. शब्द होता ‘रेड’, आणि अर्थ एकच: लाल. उदाहरण, ‘तिच्या मशीनवर सध्या लाल पडदे आहेत.’ तीस वर्षं रंगीबेरंगी कापडात मान घालून बसलेल्या, अंधारातही दोऱ्याची रिळं रंगाने ओळखणाऱ्या त्या बाईने मागे ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘समजलं नाही. या वेळी दोन दिवस लागतील.’